चौथ्या प्रकरणातली टक्

माझे कान म्हणजे कान आहेत हं! उगीच नाही म्हणत. शेजाऱ्यांच्या फ्रिजचं दार नीट लागलं नाही तर मला आमच्या घरात कळतं. दादा जिन्यात असतो तेव्हाच मी सांगते, "आज याच्या बुटाची नाडी सुटलीय." असे कान लाखात एकाला मिळतात, आणि उरलेले नव्याण्णव हजार नऊशे नव्याण्णव ठोंबे नेमके माझ्याच आजूबाजूला राहतात! डोकं फिरणार नाही तर काय होईल?

माझं कामही कानाचंच. ऑडिओबुक ऐकता ना तुम्ही? भांडी घासताना, बसमध्ये बसून? तुम्हाला फक्त गोड आवाज ऐकू येतो. का? कारण आधी कुणीतरी बसून त्यातला कचरा काढलेला असतो. वाचणाऱ्याने गिळलेला घोट, उलटलेलं पान, खुर्चीची करकर, पोटातली गुडगुड. ती कचरेवाली मी!

स्टुडिओ म्हणजे दोन खोल्या, मध्ये काच. काचेपलीकडे वाचणारे काका. नाटकात चाळीस वर्षं राजे आणि सेनापती झालेले, त्यामुळे "जरा पाणी द्या" हेसुद्धा किल्ला मागितल्यासारखं म्हणतात. काचेअलीकडे मी आणि मालकीणबाई. त्यांना मी मनातल्या मनात म्यूट मॅडम म्हणते. दिवसात पाच शब्द बोलतात, बाकी सगळं चिठ्ठीवर. पहिल्याच दिवशी चिठ्ठी आली होती: "तीन महिने प्रोबेशन. पहिलं अख्खं पुस्तक तक्रारीशिवाय गेलं तर कायम. नाहीतर शुभेच्छा."

शुभेच्छा! बघा म्हणजे, कसं लिहितात!

आणि पहिलं पुस्तक कुठलं यावं? राग कसा आवरावा! अकरा तासांचं! रोज आठ-आठ तास एक माणूस माझ्या कानात घुमणार, "शांत व्हा." अरे, मी शांतच होते! तू बोलायला लागलास आणि गेलं सगळं!

त्यात स्टुडिओचे हेडफोन. कानावरच्या गाद्या सोललेल्या, दिवसभर घातले की संध्याकाळी कानाला काळे पापुद्रे. आवाज असा, जणू काका बादलीत बसलेत आणि बादलीवर गोधडी टाकलीय. मी मॅडमना म्हटलं, "हे बदला." चिठ्ठी आली: "वीस वर्षं चालतायत."

बस्स! मी ठरवलं, स्वतःचे घ्यायचे. कानात घालायचे, वायरवाले, कारण बिनवायरीच्यात आवाज जरासा उशिरा पोचतो आणि कापाकापीच्या कामात तेवढाही उशीर चालत नाही. आठवडाभर मी रिव्ह्यू बघितले. बेचाळीस! दादा म्हणाला, "फटाकडे, लोक घर घेताना एवढं बघत नाहीत."

"लोकांना कान नसतात, दादा!"

दुकानात गेले. दुकानदार सडपातळ, शांत, हातात पुसायचं मऊ फडकं. त्याचा शांतपणा बघूनच मला चीड आली.

"कशासाठी हवेत?"

"ऐकण्यासाठी! भाजी चिरायला नाही."

"नाही, म्हणजे बेस, ढोलाचा दणका, जास्त आवडतो की..."

"मला धडामधुडूम नकोय. मला आवाजात जागा हवीय. प्रशस्त! गाणारी समोर, व्हायोलिन डावीकडे, आणि मागे कुणी खोकलं तर कितव्या रांगेत खोकलं तेसुद्धा कळायला हवं."

त्याने एकेक जोडी काढायला सुरुवात केली. पहिल्या जोडीत गाणारी बाई विहिरीत पडलेली. दुसरीत तिच्या तोंडावर कुणीतरी उशी दाबत होतं. तिसरीत झांजा अशा, की घासात खडा यावा. चौथीत सगळा वाद्यवृंद एका स्कूटरवर ट्रिपल सीट! मी प्रत्येक जोडी काढून काउंटरवर आपटत होते आणि तो प्रत्येक जोडी पुसून परत डबीत ठेवत होता. एक शब्द बोलेल तर शपथ!

अकराव्या जोडीला भिंती मागे सरकल्या.

खरंच सांगते. दुकान मोठं झालं. गाणारी बाई समोर पाच पावलांवर उभी, व्हायोलिनवाला तिच्या मागे जरा कुशीला, आणि तिने गायला तोंड उघडलं तेव्हा ओठ सुटल्याचा बारीक आवाज आला. ओठ सुटल्याचा! माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं नाही, पहिल्यांदाच दुसरं कसलं तरी.

"हेच!" मी ओरडले. कान बंद असले की आपण किती ओरडतो ते कळत नाही. फुटपाथवरची दोन माणसं थांबली.

दुकानदार म्हणाला, "छान निवड आहे. फक्त एक गोष्ट सांगतो. हे कानात अगदी घट्ट बसतात, त्यामुळे बाहेरचा आवाज बंद होतो आणि मग सुरुवातीला आपल्या स्वतःच्या..."

"मला शिकवू नका! हे माझं रोजचं काम आहे!"

"बरं," तो म्हणाला आणि डबी पुसली.

त्याचं ते अर्धं राहिलेलं वाक्य लक्षात ठेवा. मी नाही ठेवलं.

पहिली तीन प्रकरणं म्हणजे स्वर्ग. काकांचा श्वास डाव्या नाकपुडीतून येतो की उजव्या, ते कळायचं. पान कुठल्या बोटाने उलटलं तेसुद्धा. मी दोन दिवसांत पाच दिवसांचं काम उरकलं. म्यूट मॅडमची चिठ्ठी आली: "बरं." एवढंच, पण त्यांच्याकडून "बरं" म्हणजे हार घातल्यासारखंच.

मग सोमवारी चौथं, म्हणजे शेवटचं, प्रकरण आलं. त्यात लेखकाने एक वाक्य शोधून काढलेलं: "रागाला हसून नमस्कार करा." एकदा लिहून भागलं असतं की नाही? नाही! प्रत्येक परिच्छेदाच्या शेवटी तेच. एकोणचाळीस वेळा! आणि त्याच्यापुढे दर वेळी सूचना: थांबा, श्वास घ्या. म्हणून काका तीन सेकंद थांबायचे.

"रागाला हसून नमस्कार करा..."

शांतता. आणि त्या शांततेत...

टक्.

मी सावध झाले. पुढचा परिच्छेद. "रागाला हसून नमस्कार करा..."

टक्!

एकोणचाळीस वेळा! तळपायाची आग मस्तकात गेली. स्क्रीनवर आवाजाची रेघ दिसते ना, तीन सेकंदांच्या त्या जागी ती अगदी सपाट होती. पण स्क्रीनचं काय घेऊन बसलात? स्क्रीनला कान असतात का?

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी आपले बादलीवाले हेडफोन लावले, ऐकलं, मान हलवली. नाही.

"कसं ऐकू येणार! त्या गोधडीतून तोफ ऐकू येणार नाही!" मी म्हटलं. मॅडमनी माझ्याकडे बघितलं. चिठ्ठी नाही लिहिली. हे जास्त वाईट असतं.

मंगळवारी मी काकांना प्रकरण पुन्हा वाचायला लावलं. "काका, घड्याळ काढा. घड्याळ वाजतंय."

"घड्याळ?" काका म्हणाले. "या घड्याळाने तीन हजार प्रयोग पाहिलेत!"

"मग आज बाहेर बसून बघू दे."

घड्याळ काढलं. वाचलं. टक्! मी खुर्ची काढून घेतली. काका उभं राहून वाचायला लागले. टक्! एसी बंद केला. काकांना घामाच्या धारा, वाचतायत "मन थंड ठेवा" आणि हातरुमाल पिळतायत. टक्! टक्! जुनं जुनं रेकॉर्डिंग मी रागारागाने उडवत गेले. कचरा कशाला ठेवायचा?

बुधवारी मी काचेला नाक लावून काकांच्या तोंडाकडे बघत बसले. घड्याळ नाही, खुर्ची नाही, एसी नाही. उरलं काय? आणि मला साक्षात्कार झाला. माईकचं बटण दाबून मी सगळ्या खोलीभर ऐकू जाईल असं म्हणाले, "काका, तुमची कवळी वाजतेय!"

शांतता झाली. ती मात्र खरी शांतता. टक् नाही, काही नाही.

काकांनी चष्मा काढला. पुस्तक मिटलं. राजा सिंहासनावरून उतरतो तसे त्या खोलीतून बाहेर आले आणि माझ्यासमोर उभे राहिले.

"पोरी, माझ्या या दातांनी भर सभागृहात शेवटच्या रांगेपर्यंत कुजबुज पोचवलीय."

"तीच तर पोचतेय ना!" मी म्हटलं.

म्हणायला नको होतं. पण तोंडातून गेलं ते गेलं. काका गेले. दारसुद्धा आपटलं नाही त्यांनी. आपटलं असतं तर बरं वाटलं असतं.

आता शनिवारी पुस्तक द्यायचं होतं, चौथं प्रकरण टकटकतंय आणि वाचणारा गेलेला. मॅडम बँकेत. मी एकटी. मी त्या तीन सेकंदांच्या जागी दुसरीकडची कोरी शांतता आणून चिकटवली. ऐकलं. टक्! म्हणजे काय, कोऱ्या शांततेतसुद्धा? मी तिसऱ्या प्रकरणातली शांतता आणली. तिसऱ्या प्रकरणात तर कधीच टक् नव्हती! चिकटवली. टक्!

मग माझं डोकं गेलं ते गेलंच. शांततेतच टक् येते ना? मग शांतताच नको! एकोणचाळीसच्या एकोणचाळीस जागा मी सपासप कापल्या. ऐकलं. काय आश्चर्य! एकही टक् नाही! मी मूळ फाइलवरच सेव्ह केलं, लेखकाला पाठवून दिलं आणि मान ताठ करून घरी गेले.

घरी जेवायला बसलो. माझी वहिनी दाताची डॉक्टर आहे. एरवी गरीब गाय, पण त्या दिवशी ताट असं ठेवलं की वाटीतलं उडून दादाच्या शर्टावर.

"काय झालं गं?" दादाने शर्ट पुसत विचारलं.

"आज एक पेशंट आले. वयस्कर, काय तो आवाज, काय ते बोलणं! अक्षरशः रडवेले. म्हणे एका पोरीने चारचौघांत सांगितलं, कवळी वाजते! मी केलेली कवळी! पंधरा वर्षांत माझी एक कवळी वाजलेली नाही!"

मी हातातला घास ताटात परत ठेवला.

"कुठे काम करतात ते?" मी विचारलं. माझा आवाज उंदरासारखा येत होता.

"ते सांगेनात. मोठ्या मनाचे आहेत, म्हणाले तिचं नाव नको निघायला. कवळी तपासली, एकदम पक्की! तरी समाधान म्हणून जराशी घासून दिली. पण उद्या मी स्वतः जाणारेय त्यांच्याबरोबर. कोण आहे ती दीडशहाणी, बघतेच तिला!" आणि मग माझ्याकडे वळून, "आणि तू दात खाणं बंद कर. इथे गाल कसा उडतोय बघ. दाढा झिजवून घेशील एक दिवस."

"मी कुठे दात खाते!" मी दात खात म्हणाले.

गुरुवारी सकाळी मी अर्धा तास आधी पोचले. म्हटलं, काकांना जिन्यातच गाठू, पाय धरू, वहिनीला परस्पर परत पाठवू. पण जिन्यात कोण भेटलं? लेखक! अकरा तास शांत राहायला शिकवणारा माणूस! चेहरा लालबुंद, हातात फोन, एकेक पायरी सोडून चढतोय.

"माझ्या पुस्तकाचं काय केलंत?" वर येऊन त्याने मॅडमच्या टेबलावर फोन ठेवला आणि चौथं प्रकरण लावलं. आणि अहो, काय सांगू! मी काल रागात कापलं, थंड डोक्याने ऐकलंच नव्हतं. "रागालाहसूननमस्कारकराआतादुसरापरिच्छेद..." काका असे सुटलेले, जणू मागे कुत्रं लागलंय!

"मी लिहितो थांबा, श्वास घ्या!" लेखक किंचाळला. "आणि हा माणूस श्वासच घेत नाही! हा तर भांडतोय! माझं पुस्तक माझ्याशी भांडतंय!"

मॅडमनी माझ्याकडे बघून हात पुढे केला. मूळ फाइल?

"त्याच्यावरच सेव्ह केलं," मी म्हटलं.

आधीचं रेकॉर्डिंग?

"उडवलं."

मॅडमनी चिठ्ठीचं पॅड पुढे ओढलं, पेनाचं टोपण काढलं. मला लांबूनच दिसत होता तो शब्द. शुभेच्छा.

तेवढ्यात दार उघडलं. पुढे वहिनी, मागे काका.

"कोण ती कवळीवाली?" वहिनी गरजली. मग मला बघितलं. "तू?"

"वहिनी, ऐक ना..."

"माझी कवळी वाजते?"

आता तुम्हीच सांगा, मी गप्प बसायला हवं होतं की नाही? पण चारही बाजूंनी माणसं, नोकरी चाललेली, आणि माझ्या कानांवर संशय! माझ्या कानांवर!

"हो, वाजते!" मी ओरडले. "मी ऐकलीय! चारशे वेळा ऐकलीय! वाचू दे काकांना, आत्ता, इथे, सगळ्यांसमोर!"

वहिनी हसली. तिचं ते हसणं मी ओळखते. दाढ काढायच्या आधी हसते ती तसं. "काका," ती म्हणाली, "काढा कवळी."

काकांनी एक क्षण छताकडे बघितलं. "कलेसाठी," म्हणाले, पाठ फिरवली आणि कवळी काढून वहिनीच्या हातातल्या डबीत ठेवली. काचेपलीकडे गेले. लेखक भिंतीला टेकला. मॅडमनी बादली डोक्यावर चढवली, मी माझे हेडफोन कानात खोचले, दोघींच्या वायरी आवाजाच्या एकाच खोक्यात.

काकांनी सुरू केलं. "लागाला हफून नमफ्काल कला..."

पहिल्यांदाच ते वाक्य गोड वाटलं असतं मला, पण मी जबडा ताठ करून कान टवकारून बसले होते. तीन सेकंद. आलीच पाहिजे. येणारच. ये ना गं बाई...

टक्!

"ही बघा!" मी खुर्चीतून उडी मारली. "आली! ऐकली ना? ऐकली ना सगळ्यांनी?"

वहिनीने डबी उघडून दाखवली. कवळी तिच्या हातात, ओठ मिटल्यासारखी गप्प.

आणि मॅडमनी हात वर केला. त्यात एक वायर होती. तिचं टोक मोकळं हवेत लोंबत होतं. ती वायर माझ्या छातीवरून माझ्याच कानांत जात होती. काका थांबले त्याच क्षणी त्यांनी ती खोक्यातून उपसलेली.

म्हणजे मी ऐकलं ते... हेडफोनमधलं नव्हतंच?

वहिनी पुढे आली, दोन बोटं माझ्या जबड्याच्या सांध्यावर ठेवली. "रागाव बरं."

"मी कशाला रागावू? मी काय..."

टक्.

"इथे," वहिनी म्हणाली. "दात आवळले की सांधा वाजतो. कान बंद करून बसलं की तोफेसारखा ऐकू येतो. गेली दोन वर्षं सांगतेय."

आणि तेव्हा मला तो सडपातळ दुकानदार आठवला. सुरुवातीला आपल्या स्वतःच्या... अरे, मग दोन शब्द ओरडून सांगायचे ना! शांत राहून कुणाचं भलं झालंय?

म्यूट मॅडम चार दिवसांत पहिल्यांदा बोलल्या. एकच शब्द.

"तूच."

पुढचं सांगताना लाज वाटते, पण सुरुवात केलीय तर सांगते. मी काकांची माफी मागितली. त्यांनी अट घातली, माफी शेवटच्या रांगेपर्यंत पोचली पाहिजे. मी जिन्यात उभी राहून ओरडले. खालच्या मजल्यावरच्या शिंप्याने वर येऊन "ठीक आहे, माफ केलं" म्हटलं तेव्हा काका खूश झाले. लेखकाला पाणी दिलं, खुर्ची दिली. तो म्हणाला, या प्रसंगावर पुढच्या पुस्तकात एक प्रकरण टाकतो. मी दात आवळले. सगळ्यांनी माझ्याकडे बघितलं. मी सोडले.

मॅडमनी "शुभेच्छा" फाडली आणि नवीन चिठ्ठी दिली: "उद्या चौथं प्रकरण पुन्हा. परवा पुस्तक गेलं आणि कुणाचीच तक्रार आली नाही तर कायम." खाली दोनदा अधोरेखित: "कुणाचीच."

शुक्रवारी वहिनीने माझ्या दातांवर रबरासारखा मऊ गार्ड बसवून दिला. बोलले की लाळ गळते, म्हणून मी बोलतच नव्हते. स्टुडिओत दोन म्यूट मॅडम झाल्या. वहिनी मुद्दाम सुट्टी काढून माझ्या शेजारी बसली होती, आपल्या कवळीची शान बघायला. काका घड्याळ लावून, खुर्चीत बसून, एसीच्या गार हवेत, दात घालून वाचायला लागले.

"रागाला हसून नमस्कार करा..."

तीन सेकंद. गार्ड जागेवर, जबडा सैल. काय ती शांतता! लांबरुंद, स्वच्छ! वहिनीने माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या डोळ्यांत पुन्हा पाणी आलं.

आणि मग...

टुक्.

टक् नाही. टुक्. बारीक, ओली, समोर पाच पावलांवर, जरा डाव्या कुशीला. मी स्क्रीनकडे बघितलं. सपाट रेघेवर तांदळाच्या कणीएवढं टोक आलेलं!

माझी नव्हतीच ती. बुधवारपर्यंत पक्की असलेली, आणि मग एका दीडशहाणीच्या शब्दावरून, उगीच समाधान म्हणून, जराशी घासलेली...

"काय गं?" वहिनी म्हणाली. "काही ऐकू आलं?"

मॅडमनी बादली किंचित उचलून माझ्याकडे बघितलं. काकांनी काचेपलीकडून बघितलं. मी मान हलवली. छे! काहीच नाही! अप्रतिम कवळी!

एकोणचाळीस वेळा टुक्. त्या संध्याकाळी वहिनी घरी गेल्यावर एकोणचाळीसच्या एकोणचाळीस टुक् मी नखाने साल काढावी तशा अलगद काढल्या. शांततेला हात न लावता. मूळ फाइल बाजूला ठेवून. शनिवारी पुस्तक गेलं. लेखकाचा निरोप आला, "आता खरंच राग शांत होतो." सोमवारी चिठ्ठी आली: "कायम."

काकांचं पुढचं पुस्तक चौदा तासांचं आहे, आणि ती टुक् दिवसेंदिवस मोठी होतेय. रोज चारशे काढते मी. दात आवळून! गार्ड आहे म्हणून कुणाला ऐकू येत नाही एवढंच.

हे तुम्हाला विश्वासाने सांगितलंय हं. वहिनीला कळता कामा नये. पंधरा वर्षांत तिची एकही कवळी वाजलेली नाही.